लाल बाणांची फाइल

कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ते वाचायला कोण जातंय? तयार शर्टांच्या त्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं तपासनीस होती. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, वरचा पांढरा दिवा खाली ओढायचा, आणि कॉलरपासून खालच्या दुमडीपर्यंत बोटं फिरवत जायचं. टाका सुटलेला दिसला की तिथे नखाएवढा लाल बाण चिकटवायचा. बाण म्हणजे दुरुस्त करून परत आणा. अगदीच हाताबाहेर गेलेला माल असला तर त्यावर खडूची पांढरी फुली, आणि तो कायमचा बाजूला. फुली ती क्वचितच मारायची. बाण मात्र इतक्या सढळ हाताने लावायची की शिलाईच्या बाया म्हणत, हिने लग्नात नवऱ्यालाही उलटा करून आतली शिवण बघितली असेल.

तर अशा बाईच्या घरात, तिच्या नाकाखाली, कुणी काही लपवायचं म्हणजे हिंमतच म्हणायची. आणि तरी कुणीतरी लपवत होतं.

महिन्यापूर्वी आंघोळ करताना तिच्या डाव्या स्तनात काहीतरी हाताला लागलं. सोनोग्राफी झाली, सुई टोचून तुकडा काढला, तो तपासायला गेला, आणि आठ दिवसांनी कागद आला: कॅन्सर. ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी कामावर गेली, कारण घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा शर्टांकडे बघणं बरं. लेक बाहेरगावी शिकत होती, तिची परीक्षा तोंडावर होती. तिला सध्या काही सांगायचं नाही, हे तिनेच ठरवलं.

मग नवरा बदलला. हा गडी शाळेची बस चालवायचा, आणि घरी आला की स्वतः पाणी प्यायलेला ग्लाससुद्धा जागेवरून उचलत नसे. तो एकाएकी भांडी घासायला लागला. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायला लागला. ती खोलीत आली की गप्प. काय हो, कुणाचा फोन, असं विचारलं की म्हणायचा, काही नाही, शाळेतून होता. आता रविवारी दुपारी कुठली शाळा फोन करते, तुम्हीच सांगा. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

सोमवारी ती दोघं सर्जनकडे गेली. सर्जन हुशार म्हणून नावाजलेले, बोलायला मऊ, आणि कायम घाईत. त्यांनी तिला तपासलं, कागद चाळले, आणि नर्सला सांगितलं, यांचं वजन आणि उंची घेऊन ठेवा. वजनकाटा बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे आधी चार माणसं उभी. दुर्बीण पंधरा मिनिटांनी परत आली तर सगळं उरकलेलं होतं. गुरुवारी ऑपरेशन, बुधवारी संध्याकाळी दाखल व्हायचं, स्तन पूर्ण काढायचा. नवरा कसल्याशा कागदाखाली सही करत होता. तिने विचारलं, पूर्ण म्हणजे? सर्जन म्हणाले, काळजी करू नका, तुमच्या मिस्टरांशी सविस्तर बोलणं झालंय. नवरा खुर्चीतून उठून दाराशी पोचलासुद्धा.

घरी येताना ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. नवऱ्याने दोनदा विचारलं, तहान लागली का. एरवी त्याला स्वतःची तहान सोडून कुणाची कळत नसे. कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं तिला पक्कं कळलं. कुठे, ते कळत नव्हतं.

मंगळवारी ती रक्त द्यायला एकटीच गेली. बाकावर शेजारी एक बसकंडक्टर बाई होती, गणवेशातच आलेली, ड्यूटी संपवून. तिचं हेच दुखणं. आता रेडिएशन घ्यायला रोज यायची, सतरावा दिवस होता. बोलघेवडी होती. तिने न विचारताच सांगितलं की तिची गाठ अडीच सेंटिमीटरची होती, आणि तेवढीच काढली, बाकी सगळं जागच्या जागी आहे. दुर्बिणीने विचारलं, असं करतात?

"करतात की. ह्याच डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं," कंडक्टर बाई म्हणाली. "हे केलं तर असं, ते केलं तर तसं. म्हणाले, तुमच्या बाबतीत दोन्हीत जिवाला सारखंच, तुम्ही ठरवा. तुम्हाला नाही दाखवलं चित्र?"

दुर्बिणीने सोमवार पुन्हा आठवून पाहिला. चित्र नाही, दोन रस्ते नाहीत, तुम्ही ठरवा नाही. तिची गाठ किती मोठी हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे तिनेही विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या शर्टाचं अर्ध्या सुताचं माप बघणारी बाई स्वतःच्या बाबतीत डोळे मिटून बसली होती.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर आजार इतका पसरलाय की हे लोक तिला खरं सांगत नाहीत, आणि नवऱ्याची भांडी घासणं म्हणजे मरणाऱ्या माणसाची सेवा आहे. नाही तर डॉक्टर मोठं ऑपरेशन करून मोकळे होतायत, आणि साध्याभोळ्या ड्रायव्हरला त्यांनी गुंडाळलंय. पहिली गोष्ट तिला मनात धरवेना. म्हणून तिने दुसरी धरली. राग आला की भीती जरा मागे सरते, हा तिचा जुना अनुभव होता.

ती तडक कागदांच्या खिडकीवर गेली आणि म्हणाली, माझ्या फाइलची नक्कल पाहिजे. खिडकीतल्या बाईने मान वर न करता सांगितलं, पेशंटला फाइल देत नाही, जवळच्या नातेवाइकाला पाठवा.

"पेशंटची माझ्याएवढी जवळची नातेवाईक कुणी नाही," दुर्बीण म्हणाली. "मी तिला जन्मापासून ओळखते."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. खिडकीवालीने मान वर केली, अर्ज लागेल म्हणाली. दुर्बिणीने तिथेच तिच्याकडून कोरा कागद मागून उभ्याउभ्या अर्ज लिहिला. साहेबांची सही लागेल. साहेब कुठे बसतात? जेवायला गेलेत. मग मी थांबते. ती खिडकीला खांदा लावून अशी उभी राहिली की मागच्या माणसाला वाकून बोलावं लागे. साहेब आले, सही झाली, अकरा पानांची नक्कल हातात पडली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुठल्या तरी खिडकीवरून नाही ऐकून परत फिरली नव्हती.

ती घरी गेली नाही, कारखान्यात गेली. टेबल रिकामं केलं, पांढरा दिवा खाली ओढला आणि अकरा पानं पसरली. शिलाईच्या बायांना वाटलं नवा माल आला. तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. अडलेले शब्द कागदाच्या कपट्यावर उतरवून घेतले. गाठ डावीकडे, एक पूर्णांक सहा सेंटिमीटर. कंडक्टर बाईपेक्षा लहान! काखेत काही संशयास्पद नाही. दुसरीकडे पसरल्याची खूण नाही. हे तिने तीनदा वाचलं, आणि डोळे पुसले, आणि चौथ्यांदा वाचलं. ती मरत नव्हती. निदान ह्या कागदांप्रमाणे तरी नाही.

मग पान नववं. सोमवारची तारीख, सर्जनची सही. टाइप केलेलं, स्वच्छ: दोन्ही पर्याय समजावून सांगितले. रुग्णाची निवड: पूर्ण स्तन काढणे.

रुग्णाची निवड.

ती रुग्ण त्या वेळी वजनकाट्यावर उभी होती, चपला काढून. तिने लाल बाणांचं भेंडोळं घेतलं आणि त्या ओळीवर बाण लावला. रागाच्या भरात तो दोनदा वाकडा बसला. मग प्रत्येक शंकेला एक, असे चौदा बाण लागले. चोर सापडला, असं तिला वाटलं. खोटं लिहून वर सही ठोकणारा डॉक्टर. नवऱ्याला तिने त्या रात्री काही सांगितलं नाही. उद्या दाखल होण्याआधी मला डॉक्टरांशी दोन शब्द बोलायचेत, एवढंच म्हणाली. त्याच्या हातातली बशी बेसिनात पडली.

आता इथे एक सांगायला हवं. तपासणीच्या टेबलावर जो नवा येतो, त्याला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवतात: दोष शिलाईत दिसतो, पण निम्म्या वेळा तो कटिंगच्या टेबलावर झालेला असतो. कापड मुळात तिरकं कापलेलं असलं तर शिवणारी बिचारी काय करणार? दुर्बिणीने हे शंभर जणींना शिकवलं होतं. स्वतःच्या वेळी विसरली. शिवणारा समोर दिसला, त्याच्यावरच धावून गेली.

बुधवारी सकाळी सर्जनच्या खोलीत ती खुर्ची पुढे ओढून बसली. नवरा शेजारी, मांडीवर कपड्यांची पिशवी. सर्जन म्हणाले, उद्या पहिला नंबर तुमचाच आहे, आज रात्रीपासून उपाशी राहायचं. तिने फाइल टेबलावर ठेवली. पानांच्या कडांतून लाल टोकं बाहेर आली होती. सर्जननी विचारलं, हे काय? ती म्हणाली, चौदा शंका आहेत, पण आधी नववं पान उघडा.

त्यांनी उघडलं. वाचलं. यात काय चुकलंय, असा त्यांचा चेहरा होता.

"ही निवड मी कधी केली?" तिने विचारलं. "मला कुणी काही विचारलं नाही. तुम्ही खोटं का लिहिलंत?"

सर्जननी चष्मा काढला. ते चिडले नाहीत, गोंधळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे. म्हणाले, पण मला तर सांगण्यात आलं की तुमचं घरी बोलणं झालंय. तुम्हालाच पूर्ण काढून हवंय, आणि तुमच्यासमोर हा विषय काढलेला तुम्हाला सहन होत नाही, म्हणून तुम्ही बाहेर असतानाच बोलावं.

कुणी सांगितलं, हे विचारायची गरजच नव्हती. नवरा पिशवीच्या बंदाला गाठी मारत होता. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसा मानेपर्यंत लाल झाला होता. तिला एकदम सगळं आठवलं: जिन्यातले फोन, रविवारची शाळा. तो डॉक्टरांच्याच माणसांशी बोलत होता. चोर घरात होता, आणि भांडी घासत होता.

पण सर्जनना तिने सोडलं नाही. आपल्या माणसाचं दिसलं म्हणून परक्याची चूक माफ, असा तिच्या टेबलावर नियम नव्हता.

"माप माझं घेतलंत आणि पसंती त्यांना विचारलीत," ती म्हणाली. "साधा शर्टसुद्धा कुणी असा शिवत नाही."

सर्जन म्हणाले, बऱ्याच घरांत बायकांनाच ऐकायचं नसतं, घरचेच ठरवतात. ती म्हणाली, मग ज्यांना ऐकायचं नसतं त्यांच्या तोंडून ऐका की ऐकायचं नाही. त्यावर सर्जन म्हणाले, बरोबर आहे, मी तुम्हाला विचारायला हवं होतं. आणि नववं पान त्यांनी स्वतःसमोर ओढून घेतलं. ती म्हणाली, थांबा, आधी मला पाच मिनिटं द्या. नवऱ्याला खुणेने उठवलं आणि जिन्यात नेलं. जिन्यात बोलायची त्याला सवयच झाली होती.

तिथे तो कठड्याकडे बघत बोलायला लागला, आणि बोलला ते अक्काविषयी. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, हिची नणंद, या दोघांच्या लग्नाआधीच गेलेली. हिने तिला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. वन्सं कशाने गेल्या असं नवी नवरी असताना विचारलं, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, पोटाच्या दुखण्याने. एकवीस वर्षं ती पोटाचं दुखणंच धरून चालली होती.

"पोटाचं नव्हतं," तो म्हणाला. "हेच होतं. तिची फक्त गाठ काढली. नंतर रोज रेडिएशनला न्यायचं होतं, सहा आठवडे. न्यायचं काम माझं. मी तेव्हा नुकता बसवर लागलो होतो. सुट्टी मागितली तर काढून टाकतील असं वाटायचं. नऊ दिवस नेलं. मग म्हटलं, आज राहू दे, उद्या जाऊ. ती कधी बोलली नाही मला. दीड वर्षात परत आलं."

तेव्हापासून हा माणूस दुसऱ्यांची पोरं रोज मिनिटाच्या ठोक्याला शाळेत पोचवत होता, एक दिवस खाडा नाही. दुर्बीण त्यावरून त्याला चिडवायची, तापातसुद्धा बस काढता म्हणून. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे तिला समजत होतं. पण इथे ताकही तिचं होतं आणि तोंडही तिचं.

"मला वाटलं, पूर्ण काढलं की रोजचं जाणं नको," तो म्हणाला. "माझ्या भरवशावर काही राहायला नको."

तिला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही सारखेच. तिने दोन्ही बोलून दाखवले. म्हणाली, वन्संचं ओझं तुम्ही इतकी वर्षं एकट्याने वाहिलंत, मला सांगितलं असतंत तर अर्धं मी उचललं असतं. पण त्या ओझ्याखाली माझं शरीर टाकायचा तुम्हाला अधिकार नव्हता. तो म्हणाला, मी घाबरलो. मग हळूच म्हणाला, आणि तू लेकीला सांगितलं नाहीस, ते?

तिथेही कारण तेच होतं: तिला सोसणार नाही, तिची परीक्षा आहे, तिच्या वतीने आपणच ठरवू. घरात अळीमिळी गुपचिळीचा खेळ सासूबाईंनी सुरू केला होता, आणि ही दुर्बीणबाई त्यात न कळत तिसरा गडी होऊन बसली होती. आज संध्याकाळी लेकीला फोन करते, ती म्हणाली. तुम्ही शेजारी बसा.

ती खोलीत परत आली. सर्जनना म्हणाली, आता चित्र काढा. कंडक्टर बाईला काढून दाखवलंत तसं. त्यांनी काढलं. तिने चौदाच्या चौदा बाण एकेक करून विचारले, अडलेले शब्द विचारले, समजलं नाही तिथे पुन्हा विचारलं. घाईत असलेला माणूस हळूहळू खुर्चीत मागे टेकला. दोन्हीत जिवाला सारखंच का, रेडिएशन अर्ध्यात सोडलं तर काय, वन्संना जे झालं ते मला होईल का. त्यांनी सरळ सांगितलं: शब्द कुणालाच देता येत नाही, पण अर्धी राहिलेली ट्रीटमेंट आणि पुरी झालेली ट्रीटमेंट एक नव्हे. तिने विचारलं, चार दिवस पुढे ढकललं तर बिघडेल? नाही बिघडणार. मग सोमवारी, ती म्हणाली, आणि फक्त गाठ. ज्याचं उत्तर पटलं तो बाण ती काढून टाकत गेली. नवव्या पानावरचा मात्र तिने सर्जननी जुनी ओळ खोडून, नवी लिहून, खाली तारीख घातल्यावरच काढला. सहीच्या जागी तिने सही केली. खाली साक्षीदाराची एक जागा रिकामी होती.

"रेडिएशन पंचवीस दिवस," तिने नवऱ्याला सांगितलं. "सकाळी साडेआठ. तुम्ही नेलं नाहीत तरी मी जाणार आहे, कंडक्टर बाईची बस सरळ इथे येते. न्यायचं असेल तर आत्ता सांगा."

साडेआठला त्याची शाळेची दुसरी फेरी असायची. तरी तो म्हणाला, नेईन. तिने त्याच्याकडे कॉलरपासून खालपर्यंत पाहिलं, टेबलावरच्या मालाकडे बघावं तसं. विश्वास ठेवावा की नाही, हे तिला त्या क्षणी खरंच ठरवता येत नव्हतं. पिशवीतून तिने भेंडोळं काढलं, एक बाण सोडवला, आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर, डाव्या बाजूला, नीट दाबून चिकटवला.

त्याने मान खाली घालून पाहिलं. एकोणीस वर्षं त्याने हिच्या बाहीवरून, उशीवरून, कधी जेवणाच्या ताटातून असे बाण वेचले होते. त्यांचा अर्थ त्याला सांगावा लागत नव्हता.

"फुली नाही ना?" त्याने विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली.

तो पुढे वाकला, साक्षीदाराच्या जागी त्याने आपलं नाव लिहिलं, आणि पेन तिच्या हातात परत दिलं.